गोष्टीचं स्टेशन



मराठी विभागाच्या मॅडमनी या अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली होती. कथा लिहून तयार आहे, पण ती अजून छापायला देता येत नाही. का, ते शेवटी सांगते. तोपर्यंत कथेऐवजी हा लेख गोड मानून घ्या.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं, तर दंड भरावा लागायचा. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मॅडमनी दुरुस्त केल्या आहेत. विचारांच्या चुका मात्र माझ्या स्वतःच्या!

टाळ्या मिळालेली कथा

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, आपल्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये कथावाचन झालं. काही जणांना आठवत असेल. मी माळीणवरची कथा वाचली होती.

माळीण हे आपल्या आंबेगाव तालुक्यातलंच गाव. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि गावाचा मोठा भाग गाडला गेला. १५१ माणसं गेली. मी तेव्हा भोसरीत राहत होते, तिसरीत होते. टीव्हीवर नुसता चिखल दिसत होता, एवढंच आठवतं.

माझ्या कथेत मात्र सगळं होतं! पहाटे चूल पेटवणारी बाई होती आणि तिच्या मनातले विचार होते. पाळण्यातल्या बाळाचं स्वप्न होतं. एका म्हाताऱ्याची शेवटची प्रार्थना होती. सिव्हिलची विद्यार्थिनी असल्यामुळे मध्येच 'मातीतल्या पाण्याचा दाब वाढल्याने उताराची तग धरण्याची ताकद संपली' असंही एक वाक्य टाकलं होतं. आणि शेवटी, अर्थातच, आकाश रडत होतं.

टाळ्या भरपूर पडल्या. एक-दोन मुलींनी डोळेसुद्धा पुसले. मी खूश.

मेसमधल्या मावशी चहाची किटली घेऊन दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कथा संपली तशी त्यांनी किटली टेबलावर ठेवली आणि एकाही कपात चहा न ओतता त्या आत निघून गेल्या. रात्री ताट ठेवायला गेले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "मावशी, गोष्ट आवडली नाही का?"

"चांगली व्हती की. पण ताई, तू तिथं कुठं व्हतीस?"

मी म्हटलं, "मी नव्हते. कथेत असं कल्पनेनं लिहितात."

"तसं नव्हं. ती बाई चूल पेटवत व्हती, हे तुला कुणी सांगितलं? माझ्या नात्यातली माणसं व्हती त्यात. त्यांच्या घरातलं सांगायला कुणीच राहिलं नाही. त्या वक्ताला ती उठली व्हती का निजली व्हती, आम्हालाच ठावं नाही. आम्ही अजून तेच इचारत असतो एकमेकांना."

एवढं बोलून त्या भांडी घासायला लागल्या. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच मला जास्त लागलं. जे त्या माणसांना अकरा वर्षांत कळलं नव्हतं, ते मी एका रात्रीत, दुसऱ्या दिवशीच्या टाळ्यांसाठी ठरवून मोकळी झाले होते.

कथा फाडली. पण मावशींचा प्रश्न काही गेला नाही. तू तिथं कुठं व्हतीस?

सर्व्हेच्या कॅम्पवर

त्यानंतर पंधरा दिवसांनी घोडेगावच्या बाजूला आमचा सर्व्हे कॅम्प होता. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्या ब्रँचसाठी सांगते. थिओडोलाइट असो की टोटल स्टेशन, यंत्र उचललं आणि रीडिंग घेतलं असं चालत नाही. आधी जमिनीवर खुंटी ठोकून एक बिंदू पक्का करायचा. त्याला म्हणतात स्टेशन. त्याच्यावर तिवई उभी करायची, ओळंबा सोडून यंत्राचा मध्य बरोबर त्या खुंटीवर आणायचा, बुडबुडा मध्यावर आणून यंत्र सपाट करायचं आणि मग आधी माहीत असलेल्या एका बिंदूकडे पाहायचं. एवढं झाल्यावर पुढचं. स्टेशन पक्कं नसेल तर घेतलेले कोन कितीही अचूक असोत, त्यांचा नकाशा होत नाही. आणि मध्ये टेकाड आलं तर त्याच्या पलीकडचं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे दिसत नाही! ते रीडिंग मनाने वहीत भरलं, तर सर फाइल फेकून देतात.

ओळंबा सोडता सोडता एकदम डोक्यात आलं, की मावशींनी हेच विचारलं होतं. तुझं स्टेशन कुठे होतं? माझ्या कथेला स्टेशनच नव्हतं. मी एकाच वेळी चुलीपाशी होते, पाळण्यात होते, डोंगराच्या पोटात होते आणि आकाशातही होते. टेकाडापलीकडची सगळी रीडिंग मी मनाने भरली होती.

पण मग एक अडचण उभी राहिली. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, तर कथा कशाला, डायरीच लिहावी! कथालेखक कल्पना करतातच. मग ते नेमकं काय करतात?

माडगूळकरांचा मास्तर

मी वाचायला घेतली ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी मी, हसू नका, आधी इंग्रजीत वाचली. शाळेच्या लायब्ररीत तिचा 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' हा अनुवाद होता. यावेळी मराठीत वाचली आणि फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवलं. सांगणारा उभा कुठे आहे?

सांगणारा आहे एक कोवळ्या वयाचा शाळामास्तर. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या एका धनगरवाडीवर त्याची नेमणूक होते. तो वाडीतला नाही. वाडीची पोरं मेंढरांमागे रानात, त्यामुळे शाळा रिकामी. झोपड्यांच्या आत काय चाललंय, माणसं एकमेकांशी काय बोलतात, हे त्याला थेट कळायला मार्ग नाही. म्हणून वाडी त्याला कळते ती बाहेरून आणि हळूहळू. म्हातारा कारभारी काही सांगतो, कोणी भांडण घेऊन शाळेत येतं, कोणी नुसतंच येऊन बसतं. वाचणाऱ्यालाही तेवढंच कळतं, त्याच वेगाने. पानं उलटता उलटता आपणही त्या वाडीत नवखे असतो आणि जुने होत जातो. पुढे दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडून जातात आणि मास्तर मागे राहतो. तेव्हा तो छाती पिटत नाही. एकेक घर रिकामं होताना आपल्याला दिसतं, बस्स. आणि आपल्याला पुस्तक मिटवत नाही.

माडगूळकरांनी स्वतः कोवळ्या वयात मास्तरकी केली होती. म्हणजे त्या खुंटीपाशी ते कधीतरी उभे होते. पण बनगरवाडी म्हणजे त्यांची डायरी नव्हे. माणसं घडवली आहेत, प्रसंग रचले आहेत, कल्पना भरपूर आहे. मात्र ही सगळी कल्पना मास्तरला जिथून दिसू शकतं तिथूनच केलेली आहे. माझ्या अडचणीचं उत्तर मला इथे सापडलं. कल्पना करायला कोणाची मनाई नाही. कथालेखक आधी सांगणाऱ्याची जागा कल्पनेने ठरवतो आणि मग त्या जागेची मर्यादा इमानाने पाळतो.

याच लेखकाने पुढे 'सत्तांतर' लिहिली, तिला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. तिच्यात वानरांच्या टोळ्या आहेत आणि त्यांच्यातली सत्तेची लढाई आहे. स्टेशन पार बदललं! जंगल शांतपणे न्याहाळणाऱ्याच्या नजरेतून गोष्ट पुढे जाते. विषय बदलला की खुंटी नव्याने ठोकावी लागते, जुनी चालत नाही, हे त्यातून शिकले.

नारायणगावची पुढची रांग आणि मागची रांग

सांगणारा कुठे उभा आहे हे झालं. ऐकणारा कुठे बसला आहे, हा दुसरा भाग आपल्या जुन्नर तालुक्यातच शिकायला मिळतो आणि त्याला तिकीटही लागत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. मी आणि माझी रूममेट एका रविवारी एसटीने गेलो. घरी सांगितलं नव्हतं, आता हा अंक घरी गेला की कळेल!

तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग, असा परंपरेचा क्रम. वग म्हणजे गोष्ट. या गोष्टीचं वैशिष्ट्य असं, की पूर्वापार तिचा सांगाडा ठरलेला असतो, पण बोलणं बरंचसं रंगमंचावरच उभं राहतं. म्हणजे शब्द दर रात्री थोडे वेगळे. एका राहुटीत वयस्कर सोंगाड्या भेटले. त्यांना विचारलं, कुठला संवाद वाढवायचा आणि कुठला तोडायचा, हे कसं ठरवता? ते म्हणाले, "पुढची रांग हसली की मागं बघायचं. मागचा हसला का? नाही ना? मग तीच गोष्ट पुन्हा सांगायची, त्याच्या बोलीत."

मी वहीत लिहून घेतलं. माझी कथा रीडिंग रूममध्ये पहिल्या रांगेला आवडली होती. मागे दारात कोण उभं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

नारायणगावात गेल्यावर विठाबाईंचं नाव निघणारच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५, निधन २००२. राष्ट्रपती पुरस्काराचा मान त्यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा मिळाला. त्यांच्या नावाने आज राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. त्यांची एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या.

ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली. दोघांनीही त्या वेळी बाईंच्या मनात काय चाललं होतं, हे सांगितलं नाही. कळा, पडदा, दगड, पुन्हा घुंगरू. एवढंच सांगून दोघे गप्प झाले. सांगणारा पडद्याच्या अलीकडेच उभा राहिला आणि म्हणूनच ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिली असती तर त्यात दीड पान वेदनेचं वर्णन घातलं असतं.

इथे आणखी तिघांचं नाव घ्यायला हवं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि आपले माडगूळकर. या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईत, पाटील १९८५ला नांदेडला आणि मिरासदार १९९८ला परळी वैजनाथला. म्हणजे छापील कथेत नाव कमावलेली माणसं स्टेजवर उभी राहून समोरच्या अनोळखी गावाला तोंडाने गोष्ट सांगत होती. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहत गोष्ट सांगण्याची सवय असेल, तर कागदावरही तो चेहरा दिसत राहत असणार, असं मला वाटतं.

मग माळीणची गोष्ट सांगायचीच नाही का?

हा प्रश्न मला रूममेटने विचारला. बरोबर प्रश्न आहे. ज्याच्यावर बेतलं त्यानेच बोलायचं म्हटलं, तर जे गेले त्यांची गोष्ट कोण सांगणार?

मी त्या दिवसाच्या बातम्या पुन्हा वाचल्या. माळीणवर काय ओढवलं हे बाहेरच्या जगाला कळलं ते एका एसटी ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला गाडी घेऊन गेला आणि रोज जिथे गाव दिसायचं तिथे त्याला गाव दिसेना.

जरा थांबून विचार करा. हातात स्टिअरिंग, समोर पाऊस, ओळखीचा रस्ता आणि ओळखीचं गाव जागेवर नाही! त्या माणसाला कोणाचं स्वप्न माहीत नाही, कोणाची प्रार्थना माहीत नाही. काल काय दिसत होतं आणि आज काय दिसत नाही, एवढंच त्याच्यापाशी आहे. माझ्या रडणाऱ्या आकाशापेक्षा हे किती मोठं आहे! कल्पनेतला असा एखादा ड्रायव्हर घेऊन कोणी ती गोष्ट सांगितली, तर मला वाटतं मावशीसुद्धा शेवटपर्यंत ऐकतील. कारण न दिसणारं त्याला दिसत नाही, हे तो मान्य करतो. मावशींच्या घरचेही तेच करत आले आहेत.

माझ्यापुरते ठरवलेले नियम

सबमिशनला कामाला येणार नाहीत, पण लिहिणाऱ्यांना येतील.

१. पहिलं वाक्य लिहिण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहायचं : कोण सांगतंय? तेव्हा तो कुठे होता? त्याला हे कसं कळलं?

२. त्याला जे दिसू शकत नाही त्याची वेगळी यादी करायची. ही यादी फेकायची नाही. बऱ्याचदा गोष्ट तिथेच लपलेली असते.

३. एकच प्रसंग दोन स्टेशनांवरून लिहून पाहायचा. आपल्याकडचं उदाहरण देते. जुन्नर भागात उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोच प्रसंग आधी ऊसतोडणी कामगार बाईने सांगितला असं लिहा, मग वनखात्याच्या गार्डने सांगितला असं लिहा. बाईला आधी तिचं स्वतःचं पोर कुठे आहे ते आठवेल. गार्डला मादी कुठे असेल ते. बिबट्या तोच, गोष्टी दोन.

४. 'हृदय पिळवटून गेले' असं वाक्य आलं की तिथे फुली मारायची आणि त्या क्षणी हातात काय होतं ते लिहायचं. किटली, स्टिअरिंग, दगड, काहीही.

५. वाचून दाखवताना शेवटच्या रांगेकडे बघायचं. दाराकडेही!

पाण्याखालचं स्टेशन

आता तयार असलेल्या कथेविषयी.

आपल्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला. आंबेगाव हे मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. माझी आजी त्या आंबेगावातली. गाव उठलं, शेत गेलं, बाबा भोसरीला कंपनीत लागले आणि म्हणून मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लहानपणापासून मी हे ऐकत आले, पण कधी नीट विचारलं नव्हतं. मराठी धड येत नव्हतं हे एक कारण, आणि गोष्ट म्हणजे काहीतरी दुसरीकडे घडलेलं असतं असं वाटायचं, हे दुसरं.

मे महिन्यात पाणी खाली जातं, तेव्हा जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात. गेल्या मेमध्ये आजीला घेऊन काठावर गेले. आजी बोट करून सांगायला लागली, "ते दगूड दिसत्यात ना, तिथनं साठ पावलं, की आपलं अंगण." मी बघितलं. चिखल आणि पाणी. थोड्या वेळाने म्हणाली चाळीस पावलं. परत निघताना म्हणाली, "शंभर तरी असतील गं."

माझ्यातली सिव्हिल इंजिनिअर म्हणाली, तीन रीडिंगं, तिन्ही वेगळी, सरासरी काढ. काढली नाही. तिन्ही आकडे कथेत तसेच ठेवले. माझं स्टेशन आता पक्कं आहे : काठावर उभी असलेली नात, जिला अंगण दिसत नाही. आजीच्या डोळ्यांना काय दिसत होतं ते मी लिहिलेलं नाही. तिचं बोट किती वेळ तसंच धरलेलं होतं, ते लिहिलं आहे.

ही कथा सगळ्यांत आधी मेसमध्ये, चपात्या चालू असताना, मावशींना वाचून दाखवली. त्यांनी एकदा थांबवलं. "आजी 'पाणलोट क्षेत्र' म्हणती व्हय? धरण म्हण." मी खोडलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजीला वाचून दावलीस का?"

नाही दाखवली. तिचं अंगण मी अंकात छापू का, हे आधी तिला विचारायला हवं. दिवाळीला जाणार आहे, तेव्हा विचारेन. ती हो म्हणाली तर पुढच्या अंकात कथा नक्की. नाही म्हणाली तर मॅडम, मला दुसरी कथा लिहायला थोडा वेळ द्या.

– टी. ई. सिव्हिल, लेडीज हॉस्टेल